दातांनी ऐकणारा माणूस

वैद्यबुवांना ऐकू येत नव्हतं. हे मला अडीच वर्षांनी कळलं.

अडीच वर्षं मी रोज दुपारी त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला आणि बोललो. घरचं बोललो. वाचलेल्या पुस्तकांचं बोललो. एका मुलीविषयी तर सलग चार महिने बोललो. ते मान हलवायचे. मला वाटायचं, इतकं मन लावून ऐकणारा माणूस आपल्याला दुसरा मिळायचा नाही.

ते काही खरे वैद्य नव्हते. बसडेपोच्या शेडमध्ये मेकॅनिक होते, एकतीस वर्षं. नाव पडलं ते त्यांच्या दांडक्यामुळे. जुन्या हातोडीचा लाकडी दांडा, हातभर लांब, तेलाने काळा झालेला. आजारी बस आली की इंजिन चालू ठेवायला सांगायचे. दांडक्याचं एक टोक इंजिनवर टेकवायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मग दांडकं तोंडातून काढून निदान सांगायचे.

"तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर शिंकतोय."

उघडून बघितलं की तिसऱ्याचाच असायचा.

दुसरे मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावत. हे दातांत धरत. लोक म्हणायचे, एकेकाची तऱ्हा. कोणी म्हणायचं, वैद्यबुवांना डिझेलची चव कळते.

मी वर्कशॉपच्या काचेच्या खोलीत तक्रारवही लिहायचो. ड्रायव्हर फेरी संपवून आला की खिडकीशी यायचा, बसला काय होतंय ते सांगायचा. मी नोंदवायचो. साहित्यात एम. ए. करून मला ही नोकरी मिळाली होती. घरी वडील विचारायचे, "आज किती पानं लिहिलीस?" ते चेष्टेने विचारायचे. मी खरं उत्तर द्यायचो.

माझ्या आधीचा माणूस सगळ्या बसांपुढे एकच वाक्य लिहायचा. इंजिनमध्ये आवाज. मीही तेच सुरू केलं. तिसऱ्या दिवशी वैद्यबुवा वही घेऊन खिडकीशी आले. शेडमध्ये सगळेच ओरडून बोलत, पण यांचं ओरडणं काचेतून आरपार यायचं.

"आवाज म्हणजे काय? शिंक पण आवाज आणि घोरणं पण आवाज. ड्रायव्हर काय म्हणाला ते लिही. त्याच्याच शब्दांत."

"काका, तो तिथे चहा पितोय. तुम्हीच विचारा ना."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ.

"लिहून दे," ते म्हणाले. "तोंडचं वाऱ्यावर जातं."

तेव्हापासून मी लिहू लागलो. चढावर दम लागलेल्या म्हातारीसारखी कण्हते. गिअर बदलला की दातओठ खाते. थांबल्यावर ओल्या कुत्र्यासारखी अंग झाडते. सकाळी उठवलं तर शाळेत न जाणाऱ्या पोरासारखी हटून बसते. ड्रायव्हर लोकांना उपमा शिकवाव्या लागत नाहीत. मी फक्त उतरवून घ्यायचो. वैद्यबुवा प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवत वाचायचे. कधी हसायचे. मग दांडकं घेऊन जायचे.

ते मला कविराज म्हणायला लागले. मी एक ओळही कधी त्यांना वाचून दाखवली नव्हती. पण मला वाचक मिळाला होता.

मग नव्या बस आल्या.

दीड वर्षात सगळ्या डिझेल बस काढायच्या आणि विजेवरच्या आणायच्या, असं वरून ठरलं होतं. शेडमध्ये कोणी रडलं नाही. डेपोसमोर शाळा होती. तिची आमच्या बाजूची भिंत दरवर्षी रंगवत आणि दरवर्षी ती काळी होई. आम्ही नाक शिंकरलं तरी काळं निघायचं. वैद्यबुवा तर दिवसातून दोनदा रुमाल बदलायचे. पहिली बस आली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "रुमाल पांढरा राहील."

डिझेलचा पंप होता तिथे चार्जिंगचे खांब उभे राहिले. मनगटाएवढ्या नारिंगी वायरी आल्या. त्यांना हात लावायचा नाही. लावायचा तर जाड रबरी मोजे घालून, दोघांनी मिळून. दोष शोधायला लॅपटॉप आला. तो बसला जोडला की पडद्यावर एक आकडा यायचा. आकडा पुस्तकात बघायचा. पुस्तकात उपाय असायचा.

पहिल्या आठवड्यात आठ डिझेल बस गेल्या. शेडची अर्धी बाजू गप्प झाली. तिकडे चहाच्या वेळी आम्ही सगळे जमलो. वैद्यबुवा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या बसांना पोट नाही. नुसतं डोकं आहे."

आवाज पत्र्याला लागून परत आला. सगळे दचकले.

"वैद्यबुवा, हळू," फोरमन म्हणाला. "आम्ही काय बहिरे आहोत का?"

सगळे हसले. वैद्यबुवाही हसले. सगळ्यांच्या मागून, थोडं उशिरा. तो उशीर मला दिसला होता. पण दिसणं आणि कळणं यात अंतर असतं.

आवाजाच्या शेडमध्ये माणसं समोरासमोर येऊन बोलायची. खांद्यावर थाप मारून वळवायची, बोटांनी आकडे दाखवायची. तिथे सगळेच ओठ वाचायचे, कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता तशी गरज उरली नाही. कोणी बसखालून बोलायचा, कोणी पाठमोरा, कोणी शेडच्या दुसऱ्या टोकावरून. हळू बोललं तरी पोचायचं. वैद्यबुवांपर्यंत पोचायचं नाही. ते विनोदात सामील व्हायचे थांबले. मग चहालाही उशिरा यायला लागले.

"रुसलेत," कोणीतरी म्हणालं. "नव्या सुनेशी पटत नाही सासऱ्याचं."

हे त्यांच्या पाठीमागे, तीन हातांवर उभं राहून म्हटलेलं होतं. ते वळले नाहीत. सगळ्यांना वाटलं, राग मनात ठेवून आहेत.

एका सकाळी ते बादली घेऊन आवार ओलांडत होते. एक नवी बस मागे येत होती. चालवणारीला सगळे मिरची म्हणायचे. डेपोतली सर्वांत चांगली ड्रायव्हर, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. बस मागे घेताना टूं टूं असा इशारा वाजतो. तो वाजत होता. वैद्यबुवा चालत होते. तिने दोनदा हॉर्न दिला. ते मधेच थांबले, बादली खाली ठेवली, हात बदलला. बस त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबली.

मिरची उतरली. पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, जिवावर उदार झालात का? कानांत काय बोळे घातलेत?"

ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"विचारात होतो गं," ते म्हणाले.

ती तशीच माझ्या खिडकीशी आली. तिने दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर दाबून धरले.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"माणूस भिंतीसारखा उभा राहतो. हे लिही."

"ही बसच्या तक्रारींची वही आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग तुझा वैद्य चाकाखाली आला की लिही. तेव्हा बसचीच तक्रार होईल ती."

मी लिहिलं नाही. दुपारी डबा घेऊन बाहेर गेलो. ते नेहमीच्या बाकावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी मागे उभा राहिलो.

"काका."

ते डब्याचं झाकण उघडत होते.

"काका, फोरमन बोलावतोय."

त्यांनी झाकण बाकावर ठेवलं.

"काका, तुमचं दांडकं मी भंगारात टाकलं."

त्यांनी पहिला घास घेतला.

मी बाकाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं आणि माझा चेहरा बघून चावायचं थांबले. मग झाकण परत डब्यावर लावलं.

"कधी कळलं?"

"आत्ता."

"बस."

मी बसलो. नेहमीसारखा शेजारी नाही, समोर, जमिनीवर.

"बारा वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी डावा गेला. मग उजवा. डॉक्टर म्हणाला, नसा वाळल्यात. यंत्र लावून बघितलं. नुसता गोंगाट मोठा होतो. काढून ठेवलं."

"कोणालाच माहीत नाही?"

त्यांनी डोळे बारीक केले. "काय?"

मी परत म्हणालो.

"ती मिशी," ते म्हणाले. "तुझे ओठ तिच्यात लपतात. त्यातून तू खात खात बोलतोस. मिशी नसती तर निम्मं तरी कळलं असतं मला."

मी खिशातून पेन काढलं. तळहातावर लिहिलं, कोणाला माहीत आहे?

"हिला होतं. बाकी कोणाला नाही."

ही म्हणजे काकू. सहा वर्षांपूर्वी गेल्या. घरात त्या टाचेने जमीन ठोकायच्या, असं त्यांनी सांगितलं. एकदा ठोकलं की जेवायला या. दोनदा म्हणजे दारात कोणी आलंय. तीनदा म्हणजे काही नाही, नुसतंच इकडे या.

"तीनदाच जास्त ठोकायची," ते म्हणाले.

मग गप्प बसले. मीही. आमच्यात ते नवीन होतं.

"घरातली जमीन आता बोलत नाही," ते म्हणाले. "इथली बोलते."

त्यांनी माझा हात धरला आणि शेडच्या कडेच्या फरशीवर पालथा ठेवला. त्या बाजूला अजून अकरा डिझेल बस उरल्या होत्या. आत एक चालू होती. फरशी हलत होती. इतकं बारीक की आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

"ही कुबडी," ते म्हणाले. डेपोतल्या सर्वांत जुन्या बसला सगळे कुबडी म्हणायचे. "तिचा एक बोल्ट सैल आहे. कळतंय?"

मला कळत नव्हतं. मी मान हलवली.

तेव्हा माझ्या मनात आलं ते मी हातावर लिहिलं. अडीच वर्षं तुम्ही मान का हलवत होता?

ते वाचून त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"तू बोलत होतास," ते म्हणाले. "कोणी बोलत असलं की मान हलवावी."

मी खाली लिहिलं, काहीच कळलं नाही?

"एक मुलगी होती एवढं कळलं. तिने नाही म्हटलं हेही कळलं. तीन दिवस तू भरलेला डबा परत नेलास."

त्यांना निवृत्त व्हायला चौदा महिने राहिले होते. त्यांना एवढंच हवं होतं, ते चौदा महिने शेडमध्ये जावेत. मुलगा दुसऱ्या शहरात होता. फोन करायचा. हे उचलायचे नाहीत, नंतर दोन शब्द लिहून पाठवायचे. ठीक आहे. जेवलो. मुलाला वाटायचं, बाप तुसडा आहे.

"वाटू दे," ते म्हणाले. "बहिरा म्हटलं तर येऊन उचलून नेईल. सातव्या मजल्यावर राहतो. तिथली जमीन म्हणजे दुसऱ्याचं छत."

आठ दिवसांनी फलकावर कागद लागला. नव्या बसवर आणि आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाची श्रवणचाचणी होणार. विजेच्या बिघाडाचा भोंगा ज्याला ऐकू येणार नाही, त्याला शेडबाहेरचं काम. खाली फोरमनची सही होती. नियम बरोबर होता. मी तो दोनदा वाचला.

वैद्यबुवा आधीच्या दोन चाचण्या पास झाले होते. तेव्हा दवाखान्यातली तपासणारी बाई हाताने बटण दाबायची, आणि तिच्या मागच्या काचेच्या कपाटात तिचं कोपर दिसायचं. कोपर हललं की हे हात वर करायचे. आता बटण नव्हतं. संगणक आपल्या मनाने आवाज सोडणार होता. पण आवाज सुटला की पडद्यावर हिरवा ठिपका लागतो, हे मी चौकशी करून आलो. यादी माझ्याकडे होती. नावं पुकारायला मीच जाणार होतो. बाईच्या मागच्या दाराला काच होती. तिथून मला पडदा दिसणार, आणि त्यांना मी.

"ठिपका लागला की मी पेन वर करीन," मी लिहून दिलं.

त्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला.

आम्ही बाकावर तालीम केली. मी पेन वर करायचो, ते हात वर करायचे. पाचव्यांदा मी मुद्दाम पेन उचललं नाही, नुसती भुवई उडवली. त्यांचा हात वर गेला.

"फसवतोस होय," ते म्हणाले आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मिरचीची बस वीतभर अंतरावर थांबली होती, हे मी विसरलो नव्हतो. आठवत असूनही मी पेन वर करणार होतो. यात अभिमान वाटावा असं काही नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी उरलेल्या डिझेल बस जायच्या होत्या. त्या एकेक करून निघाल्या. वैद्यबुवा प्रत्येकीला दांडकं लावत होते. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. शेवटी कुबडी राहिली. ती मिरचीच नेणार होती. ती इंजिन चालू करून बसली. वैद्यबुवांनी दांडकं टेकवलं, दातांत धरलं, डोळे मिटले. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मिरची तोंडातून चकार शब्द न काढता समोर बघत होती. मी तिला इतका वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी दांडकं काढलं. बसच्या नाकावर थाप मारली.

"बोल्ट अजून सैलच आहे," ते म्हणाले.

कुबडी फाटकाबाहेर गेली. वळली. आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू आला, मग नाही आला. वैद्यबुवा शेडच्या मधोमध खाली बसले. एक तळहात जमिनीवर ठेवला. मग दुसरा. सात-आठ नव्या बस त्यांच्याभोवती चालू होत्या, दिवे लागलेल्या, दारं उघडझाप करणाऱ्या. ते बराच वेळ तसेच होते. कोणाला वाटलं, नट पडलाय.

ते उठले, हात झटकले. मी समोर जाऊन नुसती मान उडवली, काय म्हणून.

"काही नाही," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मला पुढे झुकावं लागलं. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बोळात आमची रांग लागली. मेकॅनिक होते, ड्रायव्हर होते, मिरची होती. मी एकेक नाव पुकारत होतो. त्यांची पाळी आली. ते आत जाऊन खुर्चीवर बसले. बाईने कानांवर मोठी यंत्रं चढवली, काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी दाराच्या काचेशी उभा राहिलो.

हिरवा ठिपका लागला. मी पेन वर केलं.

ते माझ्याकडेच बघत होते. हात गुडघ्यांवर होते.

वाटलं, दिसलं नसेल. दुसरा ठिपका लागला. मी पेन जास्त वर केलं. त्यांचे डोळे पेनबरोबर वर गेले आणि खाली आले. हात हलला नाही. तिसरा. चौथा. मी भुवया उडवल्या. पेन काचेवर टेकवलं. रांगेतला एकजण म्हणाला, "कविराज, माश्या मारतोस का?" पाचवा. सहावा. ते शांतपणे माझ्याकडे बघत होते, स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसाकडे खिडकीतून बघावं तसे.

आठव्या ठिपक्यानंतर मी हात खाली घेतला.

बाईला वाटलं, यांना समजलं नाही. ती परत समजावू लागली. त्यांनी कानांवरची यंत्रं काढली आणि तिच्या हातात दिली.

"बाई, तुमचं मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. शेडमधल्या आवाजात. दार बंद होतं तरी बोळातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं. "मीच बंद आहे. बारा वर्षं झाली."



"म्हणून," मिरची म्हणाली. एवढंच.

बाहेर पायरीवर मी त्यांना गाठलं. मला राग आला होता. मी समोर उभा राहून, मिशी बोटांनी वर दाबून बोललो, लिहीत बसलो नाही.

"का? मी होतो ना तिथे."

"होतास," ते म्हणाले. "बघितलं मी."

"मग?"

"ती पोरगी रोज गाडी मागे घेणार. मी रोज मधे उभा राहणार. एक दिवस तिचं गणित चुकलं तर मी मरून मोकळा होईन. तिच्या गळ्यात आयुष्यभर राहीन."

"सांभाळून राहिला असता."

"आणि कशासाठी?" ते म्हणाले. "खोटं बोलायचं तर काहीतरी मिळायला पाहिजे. काल हात लावून बघितला. तिथे आता काही नाही, कविराज. तिथली जमीन आणि माझ्या घरची जमीन एकच झाली."

फोरमन भला माणूस. त्याने त्यांना घरी पाठवलं नाही. मागच्या गोदामात जुन्या इंजिनांचे सुटे भाग पडले होते, त्यांची यादी करायचं काम दिलं. आता ते तिथे एकटे बसतात. पिस्टन, वॉशर, इंजेक्टर. हातात घेतात, पुसतात, लिहितात, खोक्यात ठेवतात. मुलाला त्यांनी अजून कळवलेलं नाही. मी एकदा विषय काढला. ते म्हणाले, यादी संपू दे.

माणसं बदलली. आधी कोणीही येऊन त्यांना टोमणा मारायचा. आता समोर आले की मोठं तोंड करून एकेक शब्द सुटा सुटा बोलतात, हातवारे करतात, दंडाला धरून खुर्चीत बसवतात. मिरचीने त्यांना चहा नेऊन दिला आणि पुढ्यात ठेवून डोळ्यांत पाणी आणलं.

"मी मेल्यासारखं चांगलं वागतात माझ्याशी," ते म्हणाले. "तिला सांग, एकदा शिवी दे."

मी सांगितलं. तिला जमलं नाही.

मी मिशी काढली. सकाळी काढली, दुपारी गोदामात गेलो, त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"आता कळलं," ते म्हणाले, "तू ती का ठेवली होतीस."

मी हसलो. मग बोलायला लागलो. हळू, न खाता, तोंड उजेडाकडे करून. ते माझ्या ओठांकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, बारीक अक्षर वाचावं तसे. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे मिटले.

"दमलो रे," ते म्हणाले. "ओठ वाचणं म्हणजे मजुरी. तू बोल. मी आधीसारखी मान हलवतो."

मला बोलवेना. आम्ही तसेच बसलो. आता बहुतेक दुपारी तसेच बसतो.

माझ्या खिडकीशीही फारसं कोणी येत नाही. ड्रायव्हर येतात, चावी ठेवतात. "काय होतंय?" असं विचारलं तर म्हणतात, "मला काय माहीत, स्क्रीनवर आलं असेल." स्क्रीनवर आलेलं असतं. मी आकडा उतरवून घेतो. गेल्या महिन्यात वहीत एकही कुत्रा, म्हातारी किंवा पोरगं आलं नाही.

एका शनिवारी दुपारी ते गोदामात नव्हते. मी शोधत निघालो. चार्जिंगच्या खांबांमागे एक छोटी खोली आहे. वीज गेली तर बस अडकू नयेत म्हणून तिथे एक जनरेटर ठेवलाय, डिझेलचा. तो बंद पडू नये म्हणून दर शनिवारी तीन वाजता दहा मिनिटं चालवून बघतात. लांबूनच आवाज आला. दार उघडं होतं. वायरमन बाहेर उभा राहून घड्याळ बघत होता. आत वैद्यबुवा वाकून उभे होते. दांडक्याचं एक टोक जनरेटरवर, दुसरं दातांत. डोळे मिटलेले.

"दर शनिवारी येतात," वायरमन म्हणाला. "सांगू नकोस कोणाला."

दहा मिनिटं झाली. त्याने बटण दाबलं. आवाज खाली खाली गेला आणि थांबला. वैद्यबुवांनी दांडकं तसंच दातांत ठेवलं. मग डोळे उघडले, त्यांना मी दिसलो. त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं. दांडक्याचं मोकळं टोक उचललं आणि माझ्या गळ्यावर, कंठमण्याच्या जरा खाली टेकवलं. ते गरम होतं.

त्यांनी हाताने खूण केली. बोल.

अडीच वर्षं मी न थांबता बोललो होतो. आता काही सुचेना. वायरमन बघत होता. शेवटी वहीतलं जे आठवलं ते म्हणालो.

"चढावर दम लागलेल्या म्हातारीसारखी कण्हते."

त्यांनी डोळे मिटले होते. बोट वर केलं. परत. मी परत म्हणालो. आणखी एकदा म्हणालो.

त्यांनी दांडकं तोंडातून काढलं आणि माझ्याकडे जरा नवलाने बघितलं.

"शब्द नाही आले," ते म्हणाले. "पण जाडा आहे तुझा आवाज. मला वाटायचं, बारीक असेल."

त्यांनी टोक रुमालाने पुसलं, दांडकं काखेत धरलं आणि गोदामाकडे चालायला लागले. वायरमनने खोलीला कुलूप घातलं. ते खांबांमधून जात होते. नव्या बस ओळीने उभ्या होत्या, वायरी लावलेल्या, गप्प.

मी मागून हाक मारली. ही सवय माझी अजून गेलेली नाही. मग लक्षात आलं. मी धावत त्यांच्या पुढे गेलो, वळलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. काय सांगायचं होतं ते तोवर विसरलो होतो. माझं तोंड नुसतं उघडं राहिलं.

त्यांनी मान हलवली.